अथेन्सच्या बुजलेल्या विहिरी, खड्डे आणि खापऱ्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अथेन्सच्या अगोरात फिरताना नजर जाते ती हेफेस्टसच्या देवळाकडे आणि अ‍ॅटॅलसच्या लांबलचक स्तंभशाळेकडे. पायाखालच्या बुजलेल्या विहिरींकडे कुणी बघत नाही. पण या शहराच्या रोजच्या जगण्याबद्दल आज जे सांगता येतं, त्यातलं बरंचसं या विहिरींतून आणि खड्ड्यांतूनच वर आलं आहे. त्याबद्दल पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

अगोरा म्हणजे नेमकं काय? तिथे उत्खनन कोण करतं?

अ‍ॅक्रोपोलिस टेकडीच्या वायव्येला पसरलेला हा अथेन्सचा मुख्य चौक. बाजार, न्यायालयं, सभागृह, देवळं, सरकारी कचेऱ्या असं सगळं इथे होतं. १९३१ पासून ‘अमेरिकन स्कूल ऑफ क्लासिकल स्टडीज’ ही संस्था इथे उत्खनन करते आहे. सुरुवातीचा मोठा खर्च जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांच्या देणगीतून झाला. त्या वेळी या जागेवर दाट वस्ती होती. शेकडो घरं विकत घेऊन पाडली, तेव्हा कुठे खाली जाता आलं. प्राचीन शहर उघडं करण्यासाठी एक जिवंत मोहल्ला उठवला गेला, ही गोष्ट उत्खननाच्या कौतुकात बहुतेक वेळा गाळली जाते.

एका चौकात ४०० हून जास्त विहिरी कशा?

त्या एका काळातल्या नाहीत. सर्वांत जुन्या विहिरी अ‍ॅक्रोपोलिसच्या उतारावर, नवाश्मयुगाच्या अखेरीच्या आहेत. त्या उथळच होत्या. त्यानंतर हजारो वर्षं लोक विहिरी खणत राहिले आणि बुजवत राहिले. शिवाय ही जागा काही पहिल्यापासून चौक नव्हती. इ.स.पू. सहाव्या शतकात ती सार्वजनिक होऊ लागली. त्याआधी इथे घरं, कारखाने आणि थडगी होती. चौकाच्या कडेने घरं आणि दुकानं तर नंतरही राहिलीच, आणि प्रत्येकाला पाणी हवं होतं. या बहुतेक विहिरी म्हणजे आपल्या वाड्यांच्या परसात असायचे तसे अरुंद, गोल आड.

मग ‘टाकं’ म्हणतात ते वेगळं का?

वेगळं. विहिरीला झरा लागतो, टाक्यात छपरावरचं पावसाचं पाणी साठवतात. आपल्या गडांवरची टाकी ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे सांगायला नको. अथेन्सची टाकी मात्र बाटलीच्या आकाराची, वर अरुंद आणि आत फुगीर अशी खडकात कोरलेली असतात. आतून जलरोधक गिलावा असतो आणि कधीकधी दोन टाकी बोगद्याने जोडलेली असतात. इ.स.पू. चौथ्या शतकात त्यांची संख्या एकदम वाढते. त्या काळात पाऊस कमी झाला आणि विहिरी आटल्या, असं यावरून मांडलं गेलं आहे. टाकी पुढे बुजवताना त्यांतही कचरा टाकला गेला. इ.स.पू. ४२५ मध्ये पायलॉस इथल्या लढाईत स्पार्टाच्या सैनिकांकडून जिंकून आणलेली एक काशाची ढाल अशाच एका टाक्यात सापडली. ती कुणाची, कुठून आणली, हे तिच्यावरच ठोकून कोरलेलं आहे.

विहीर बांधत कशी असत?

व्यास जेमतेम माणूस उतरेल इतका, साधारण एक मीटर. काही विहिरी चार-पाच मीटरच्या, तर बऱ्याच १० मीटरहून खोल. खडक घट्ट असेल तर नुसतं खोदकाम पुरे. चढण्या-उतरण्यासाठी भिंतीत पाऊल ठेवण्यापुरत्या खोबणी. माती ढिसूळ असेल तर भाजलेल्या मातीच्या वक्राकार फरश्यांची कडी एकावर एक बसवत. एका कड्याला साधारण तीन फरश्या, आणि त्यांतही हातापायाला आधार मिळावा म्हणून भोकं ठेवलेली. वर कठडा असे. त्याच्या आतल्या काठावर दोर घासून पडलेल्या खाचा आजही बोटाला लागतात.

बुजलेली विहीर पुन्हा खणतात तरी कशी?

हळू, आणि जीव मुठीत धरून. आत एकच माणूस मावतो. तो छोट्या कुदळीने माती सोडवतो, वरचे लोक ती बादलीने ओढून घेतात. ठरावीक खोलीनंतर किंवा थर बदलला की प्रत्येक टप्प्याची माती आणि खापऱ्या वेगळ्या ठेवतात. पाण्याच्या पातळीखाली गेलं की पंप सतत चालू ठेवावा लागतो. पंप थांबला की काम थांबलं. भिंत ढासळण्याची भीती कायम असते, म्हणून आतून आधार द्यावा लागतो. धोका फार वाटला तर तळ न गाठताच काम सोडून द्यायचं. तळाशी काय आहे हे कळायची उत्सुकता कितीही असो, हे पथ्य पाळलंच पाहिजे.

सगळ्यांत खालचा चिखल मात्र चाळणीतून, पाण्यातून काढण्यासारखा असतो. हवा न लागल्यामुळे तिथे बिया, फळांच्या कोया, लाकूड अशा एरवी कुजून जाणाऱ्या गोष्टी टिकतात. सुरुवातीच्या दशकांत या बारीक गोष्टींकडे फारसं लक्ष दिलं जात नव्हतं.

विहिरीतल्या खापऱ्या जमिनीवरच्या खापऱ्यांपेक्षा जास्त मोलाच्या का मानतात?

कारण रस्त्याची किंवा अंगणाची जमीन सतत उकरली जाते. नंतरचा पाया, नंतरचं गटार, नंतरचा खड्डा अशी सगळी सरमिसळ होते. विहिरीतला माल एकदा खाली गेला की त्याला सहसा कुणी हात लावत नाही. पण ‘विहिरीत सापडलं’ एवढ्याने काही सिद्ध होत नाही. ते तिथे कसं गेलं, हे आधी ठरवावं लागतं. इथेच खरं डोकं लागतं.

विहिरीत सर्वसाधारणपणे दोन प्रकारचे थर असतात. तळाशी वापराच्या काळातला गाळ. त्यात सापडतात त्या मुख्यतः पाण्याच्या घागरी आणि सुरया, अनेकदा अखंड किंवा थोड्याच फुटलेल्या. दोर तुटला, कान निखळला, हात सुटला. ज्यांचं भांडं पडलं त्यांनी गळ टाकून पाहिला असेल, नाही निघालं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे जे पोहऱ्यात आलं नाही तेच अभ्यासकाच्या हाती लागतं. हा गाळ वर्षानुवर्षं साचतो, म्हणून खालची घागर जुनी आणि वरची नवी, असा क्रम लावता येतो. रोमन काळातली एक विहीर या बाबतीत नमुनेदार आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून सहाव्या शतकापर्यंतचे थर तिच्यात ओळीने मिळाले आणि अथेन्समधल्या रोमन काळातल्या साध्या भांड्यांचा कालक्रम लावायला त्यांचा मोठा आधार झाला.

त्याच्यावर असते ती भर. पाणी आटलं, खराब झालं किंवा घर पडलं की लोक विहीर बुजवत. त्यासाठी जवळचा उकिरडा, पडक्या भिंतीच्या विटा, कौलं, फुटकी ताटं-वाट्या, जे हाताशी येईल ते लोटत. ही भर एका दिवसात पडली की वर्षभर पडत राहिली, हे ओळखायची एक पद्धत आहे. वरच्या थरातला तुकडा आणि कितीतरी खालच्या थरातला तुकडा एकाच भांड्याचे निघून एकमेकांत चपखल बसले, तर मधली सगळी माती एकाच खेपेला पडली असं धरता येतं. म्हणून भांडी जोडण्याचं काम निव्वळ संग्रहालयात मांडण्यासाठी नसतं. टेबलावर दोन खापऱ्या जुळतात तेव्हा विहीर कशी भरली याचा पुरावा तयार होतो. वर्तमानपत्रात फोटो छापून येतो तो अखंड सुरईचा. माझ्या मते बातमी असते ती या जुळलेल्या सांध्यात.

भर पडल्याची तारीख कशी काढतात?

त्यातल्या सर्वांत अलीकडच्या वस्तूवरून. भरीत २०० वर्षं जुनं भांडंही असू शकतं, पण सर्वांत नवं नाणं ज्या वर्षाचं, त्याआधी ती भर पडलेली नाही एवढं नक्की. नाण्यांबरोबर दिवे उपयोगी पडतात, कारण त्यांचे आकार लवकर बदलतात. दारूच्या कुंभांच्या कानांवरचे शिक्केही कामाला येतात. ऱ्होड्स बेटावरच्या कुंभांवर त्या वर्षाच्या अधिकाऱ्याचं नाव असे.

शिवाय अथेन्सवर कोसळलेल्या काही आपत्तींच्या तारखा आपल्याला लिखित इतिहासातून माहीत आहेत. इ.स.पू. ४८० मध्ये पर्शियनांनी शहर जाळलं, इ.स.पू. ८६ मध्ये रोमन सेनापती सुलाने ते लुटलं आणि इ.स. २६७ मध्ये उत्तरेकडून आलेल्या हेरूली टोळ्यांनी उद्ध्वस्त केलं. प्रत्येक वेळी मागे राहिलेला ढिगारा विहिरींत गेला.

पण या तारखा दगडावरची रेघ नव्हेत. १९३४ मध्ये होमर थॉम्प्सन यांनी विहिरी आणि टाक्यांतल्या निवडक संचांवरून (संच म्हणजे एका विहिरीत, टाक्यात किंवा खड्ड्यात एकत्र मिळालेला माल) अथेन्समधल्या हेलेनिस्टिक, म्हणजे अलेक्झांडरनंतरच्या काळातल्या भांड्यांचा कालक्रम लावला. पुढे अ‍ॅटिकाच्या, म्हणजे अथेन्सभोवतालच्या प्रदेशाच्या, किनाऱ्यावरच्या कोरोनी या ठिकाणी इ.स.पू. २६० च्या दशकातल्या एका युद्धातली, थोडाच काळ वापरात असलेली छावणी खणली गेली. तिथली भांडी जुन्या कालक्रमात बसेनात. बराच वाद झाला आणि शेवटी कालक्रमच पुढे सरकवावा लागला. एका ठिकाणचं खापर दुसऱ्या ठिकाणच्या विहिरीची तारीख हलवतं, ते असं.

पर्शियन हल्ल्याचा पुरावा विहिरींत दिसतो का?

दिसतो. हल्ल्यानंतर परतलेल्या लोकांनी घरांची साफसफाई करून विहिरी बुजवल्या, असे २० च्या आसपास संच अगोरात ओळखले गेले आहेत. त्यातली १९९० च्या दशकात खणलेली, चौकाच्या वायव्य कोपऱ्याजवळच्या एका घराची विहीर मला सर्वांत बोलकी वाटते. तिच्यात एकाच घराचा भांड्यांचा संसार मिळाला. स्वयंपाकाची मडकी, साठवणीची भांडी आणि पाहुण्यांबरोबर मद्य घेण्याचे पसरट, चित्रांकित प्याले. संग्रहालयांतले बहुतेक ग्रीक प्याले इटलीतल्या थडग्यांतून आलेले आहेत. खुद्द अथेन्सच्या घरात कुठला प्याला कुठल्या मडक्याशेजारी असायचा, हे अशा विहिरीशिवाय कळलं नसतं.

जुन्या विहिरींवरून दुष्काळ सिद्ध झाला, हे खरं आहे का?

सिद्ध झाला म्हणणं जास्तीचं होईल. इ.स.पू. आठव्या शतकाच्या अखेरीस अगोरातल्या अनेक विहिरी बंद पडल्या. यावरून पुढे उत्खननाचे संचालक झालेल्या जॉन कॅम्प यांनी १९७९ मध्ये दुष्काळाची कल्पना मांडली. नंतर जॉन पापाडोपूलॉस यांनी त्याच काळातल्या विहिरींतला माल वेगळ्या नजरेने पाहिला. त्यात भट्टीत वाकडी झालेली भांडी होती. भाजणी कुठवर आली हे बघण्यासाठी भट्टीतून आकड्याने काढायचे भोक पाडलेले तुकडे होते, कुंभारकामाचा बाकीचा कचराही होता. म्हणजे या विहिरी घरांच्या नसून कुंभारवाड्यातल्या होत्या. मग विहिरी बंद पडण्याचं कारण पाणी आटणं असेल, किंवा कुंभार दुसरीकडे हलले असतील. मला दुसरं स्पष्टीकरण जास्त पटतं, कारण ते विहिरींच्या संख्येवर न थांबता आतल्या मालाचा हिशेब देतं.

थेमिस्टोक्लीसच्या नावाच्या खापऱ्या विहिरीत कशा आल्या?

अथेन्समध्ये एखाद्या पुढाऱ्याला १० वर्षांसाठी हद्दपार करायचं तर नागरिक फुटक्या खापरीवर त्याचं नाव कोरून मत देत. एकूण ६,००० मतं तरी पडावी लागत. १९३७ मध्ये ऑस्कर ब्रोनिअर यांना अ‍ॅक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत अशा सुमारे १९० खापऱ्या मिळाल्या. सगळ्यांवर एकच नाव, त्या काळातला बडा पुढारी थेमिस्टोक्लीस याचं. अक्षर तपासलं तर ते फक्त १४ जणांच्या हातचं निघालं. उघड आहे, विरोधकांनी आधीच लिहून गठ्ठा तयार ठेवला होता, मतदारांना आयता वाटायला. यातल्या बऱ्याचशा वापरल्या गेल्या नसाव्यात आणि उरलेला माल विहिरीत गेला. निवडणुकीचं राजकारण जवळून पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

विहिरीत सरकारी कागदपत्रंही सापडली म्हणतात, ते काय?

कागद नव्हे, शिशाच्या पातळ पट्ट्या. घोडदळातल्या प्रत्येक घोड्याची नोंद त्यांवर आहे : मालकाचं नाव, रंग, डागणीची खूण कुठली आणि किंमत किती. किमतीची वरची मर्यादा १,२०० द्राखमांची दिसते. घोडा लढाईत मेला तर भरपाईचा हिशेब करता यावा म्हणून हे दप्तर असावं. अगोरातल्या एका विहिरीतून अशा शंभराहून जास्त पट्ट्या निघाल्या. जवळच्या केरामेइकॉस भागातल्या दुसऱ्या विहिरीतून पाचशेहून अधिक. नोंदी जुन्या झाल्या की दप्तर विहिरीत टाकायचं, अशी साधी विल्हेवाट.

लहान मुलांच्या हाडांची विहीर खरी आहे का?

हो. ती १९३० च्या दशकात खणली गेली, पण पूर्ण अभ्यास होऊन निष्कर्ष छापून यायला २०१८ उजाडलं. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर साधारण १५ वर्षांच्या काळात या विहिरीत सुमारे ४५० अर्भकं आणि १५० कुत्री टाकली गेली. पूर्वी याला साथ, दुष्काळ, हत्याकांड असं बरंच काही म्हटलं गेलं. हाडं नीट तपासल्यावर चित्र बदललं. बहुतेक मुलं जन्मानंतर थोड्याच दिवसांत गेलेली होती. सुमारे एकतृतीयांश मुलांच्या कवटीवर मेंदूज्वराच्या खुणा होत्या. अस्वच्छ हत्याराने नाळ कापल्यावर होणारा संसर्ग हे त्याचं संभाव्य कारण. दाट वस्तीच्या शहरात १५ वर्षांत इतके बालमृत्यू हा त्या काळाचा नेहमीचा दर होता, कुणी मारून टाकल्याचा पुरावा नव्हे. बहुधा सुइणी ही मुलं इथे आणून ठेवत असाव्यात. घरात स्वीकारण्याचा आणि नाव ठेवण्याचा विधी होण्याआधीच गेलेल्या बाळाला रीतसर दफन मिळत नसे. कुत्री कदाचित सुतक-विटाळ फेडण्यासाठी बळी दिलेली असावीत.

हे वाचून त्या समाजाला निष्ठुर म्हणण्याची घाई करू नये. आपल्याकडेही तान्ह्या बाळाला अग्नी न देता पुरण्याची रीत आहे. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी लोक लहान मुलांना दोन मडक्यांची तोंडं जोडून घराच्या जमिनीखाली पुरत. मोठ्यांचे आणि तान्ह्यांचे नियम वेगळे असणं बऱ्याच समाजांत दिसतं.

खड्ड्यांत काय मिळतं?

खड्डा विहिरीपेक्षा उथळ, पण अनेकदा त्याचा हेतू जास्त स्पष्ट असतो. चौकातल्या राजस्तंभशाळा नावाच्या सरकारी इमारतीजवळच्या एका खड्ड्यात इ.स.पू. पाचव्या शतकातली पंगतीची भांडी मिळाली. त्यांतल्या काहींवर ‘सरकारी मालमत्ता’ अशा अर्थाची दोन अक्षरांची खूण आहे. म्हणजे अधिकाऱ्यांच्या सरकारी जेवणाची भांडी, आणि ती चोरीला जाऊ नयेत याची काळजी.

दुसरा प्रकार कारखान्यांच्या जमिनीखालचा. उथळ खड्ड्यात छोट्या बशा, दिवे, चिमुकली मडकी, राख आणि जळकी हाडं. हे आधी बालकांचं दहन मानलं गेलं होतं, पण हाडं मेंढ्या-बकऱ्यांची निघाली. आता हे कारागिरांचे विधी मानले जातात. २००६ मध्ये एका व्यापारी इमारतीच्या जमिनीखाली मडकं मिळालं. त्यात कोंबडीचं डोकं आणि पाय, बाहेरून ठोकलेला मोठा खिळा आणि मडक्यावर ५० हून जास्त लोकांची नावं कोरलेली. इ.स.पू. ३०० च्या सुमाराची ही करणी. भांडण बहुधा कोर्टकचेरीचं.

उत्खननाच्या अहवालांत ‘जे २:४’ असं काहीतरी लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ?

सगळी जागा चौकोनांत विभागली आहे. अक्षर आणि पहिला आकडा म्हणजे चौकोन, विसर्गानंतरचा आकडा म्हणजे त्या चौकोनातला कितवा संच. वर पर्शियन हल्ल्यानंतर बुजवलेल्या घरच्या विहिरीबद्दल लिहिलं, तीच ही ‘जे २:४’.

निघालेल्या सगळ्या खापऱ्या जपून ठेवतात का?

आता जवळपास सगळ्या. पूर्वी नाही. पहिल्या दशकांत माल इतका निघाला की चित्र नसलेले, साध्या मडक्यांचे पोटाकडचे तुकडे पाहून, नोंदवून टाकून दिले गेले. त्यामुळे जुन्या विहिरींत चित्रांकित भांडी जास्त आणि साधी कमी होती, असा भास होतो. आकडेवारी मांडताना अभ्यासकांना आधी विचारावं लागतं की ही विहीर कधी खणली आणि काय टाकून दिलं. मात्र हाताने लिहिलेल्या खणन-वह्या जपल्या गेल्या आहेत, आणि संस्थेने त्या वस्तूंच्या नोंदींसह इंटरनेटवर खुल्या केल्या आहेत.

महाराष्ट्रात असं काही आहे का?

तेरला, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातल्या प्राचीन तगरला, सातवाहन काळातल्या भाजलेल्या मातीच्या कड्यांच्या विहिरी मिळाल्या आहेत. आपल्याकडच्या अशा कड्यांपैकी किती पाण्याच्या विहिरी आणि किती सांडपाण्याचे शोषखड्डे, हा जुना वाद आहे. तो सोडवायचाही मार्ग तोच : तळाशी घागरी आहेत की नुसता काळा चिखल, हे बघायचं. नेवासा आणि तेर इथे भूमध्य सागराकडून आलेल्या दारूच्या कुंभांचे तुकडेही मिळाले आहेत. इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात धान्याची पेवं आणि खड्डे निघाले.

गावातली जुनी विहीर उपसताना मूर्ती, नाणी, भांडी सापडली तर काय करायचं?

काम थांबवा. वस्तू जिथे आहे तिथेच तिचे फोटो काढा, आणि ती किती खोलीवर होती ते लिहून ठेवा. घासूनपुसून स्वच्छ करू नका, शेंदूर फासू नका. तलाठ्याला किंवा तहसीलदाराला कळवा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणं बंधनकारक आहे. वस्तू बाहेर काढून झाली असेल तर निदान त्याच टप्प्यावरच्या खापऱ्या फेकू नका, एका पोत्यात वेगळ्या ठेवा. आणि वापरात नसलेल्या विहिरीत कुणालाही तसंच उतरवू नका. तळाशी साचलेल्या वायूने दरवर्षी माणसं जातात, आणि पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसराही परत येत नाही. पेटता दिवा खाली सोडून बघण्याची जुनी युक्ती सगळे वायू ओळखत नाही, त्यावर विसंबू नका.